वाढत्या अंगाचा रेनकोट

मृग लागला की बर्डीच्या फुटपाथवर रेनकोट लटकू लागतात. घरोघरी कूलर अजून घरघरत असतो, वाळ्याच्या टट्टीवर पाणी मारावंच लागतं, आणि पाऊस म्हणाल तर तिकडे कोकणात कुठेतरी रेंगाळलेला असतो. पण जूनच्या अखेरीला आपल्या विदर्भात शाळा उघडायच्या असतात. त्यामुळे पाऊस येवो न येवो, रेनकोट येतोच. निळे, तपकिरी, पारदर्शक. पाठीला दप्तरासाठी कुबड काढलेले. दुकानदार पोराची उंची विचारत नाही.

"कितवीत आहे?"

"चौथीत."

"मंग सहावीचा घ्या ना, भाऊ. दोन वर्सं पाहाचं काम नाही."

आणि आपण सहावीचा घेतो. मीही घेतला होता. गडद निळा, मळखाऊ रंगाचा. त्या रेनकोटानं मला जे शिकवलं ते आज सांगायचं आहे, कारण पुढच्या महिनाभरात घराघरांत शाळेच्या शिबिराच्या, सहलीच्या, डोंगर चढायच्या चिठ्ठ्या येतील आणि त्यांत सामानाच्या यादीत पाण्याची बाटली, टॉर्च, ताट-वाटी यांच्या रांगेत एक शब्द असेल : रेनकोट. नुसता एक शब्द. कसला, केवढा, कशासाठी, काही नाही.

वाढत्या अंगाचं घेणं ही आपली जुनी रीत आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पायघोळ चड्डीला आतून दोन घड्या घालून टाके मारायचे आणि दरवर्षी एक घडी उसवायची, बुटाच्या टोकाशी कापूस कोंबायचा, यातच आमच्या पिढीची शाळा पार पडली. आम्ही तिघं भाऊ आणि घरात रेनकोट एक. तो डकबॅकचा होता. सुरेंद्रमोहन बोस या बंगाली गृहस्थांनी १९२० साली कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफ हा कारखाना काढला. स्वदेशीच्या त्या दिवसांत जलरोधक कापड आपल्याकडे तयार व्हायला लागलं आणि 'डकबॅक' हा शब्द घरोघरी गेला. बदकाची पाठ, पाणी पडलं की ओघळून जाणारी. तो रबराचा वास ज्यानं घेतलाय त्याला तो मेल्यावरही ओळखू येईल. मोठ्या दोघांच्या अंगावरून उतरून तो कोट माझ्या वाट्याला आला तेव्हा खांद्यावरून रबराचे पोपडे सुटत होते.

त्याआधी माझ्याकडे होती खोळ. काटोलकडच्या आमच्या गावी आजी खताचं रिकामं पोतं घ्यायची, त्याचा खालचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचायची आणि डोक्यावर चढवायची. झालं. टोकदार टोपी, मागे गुडघ्यापर्यंत पोतं, समोरून सगळं उघडं. धुऱ्यावरून पळताना समोरून भिजायचो, पण डोकं, मान आणि पाठ कोरडी राहायची. शहरात आल्यावर मला त्या खोळीची लाज वाटू लागली. तिच्यात काय शहाणपण होतं ते कळायला डोंगरात जावं लागलं.

पावसाळी डोंगर म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक सह्याद्री सांगतात. नागपूरकरांचा पावसाळी डोंगर वेगळा, आणि त्याला ट्रेकिंग वगैरे कुणी म्हणत नाही. नागद्वार. मध्य प्रांताची राजधानी नागपुरात होती तेव्हा साहेब लोक उन्हाळ्यात पचमढीला जाऊन राहत. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पचमढी पलीकडे राहिली, पण नागपंचमीची वाट काही बदलली नाही. एरवी ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात बंद असते. नागपंचमीच्या आधीचे दहा-बारा दिवस तेवढी उघडते, आणि मग सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत नागपूर, अमरावती, वर्ध्याकडची माणसं लोटतात. ऐन पावसात, चिखलातून, लोखंडी शिड्यांवरून, 'हर बोला महादेव' करत, कडेवर लेकरं घेऊन. बारा-पंधरा किलोमीटरची पायपीट. कुणाच्या पायात रबरी चपला, कुणी अनवाणी. डोक्यावर पन्नी.

सासुरवाडीची मंडळी दरवर्षी जातात. २०११ साली मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिनं हट्ट धरला. धाकटा अंगावर पिणारा, म्हणून आमची ही घरीच थांबली आणि लेकीचं सामान भरायचं काम आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं, हे सांगायला हवं. थंडी असेल म्हणून जाड जीन घातली. कॅनव्हासचे बूट. सॅकच्या तळाशी स्वेटर, त्यावर टॉवेल, एक जोड कपडे, बिस्किटं, ओडोमॉस. आणि सगळ्यावर मात म्हणजे तो नवा कोरा रेनकोट. रेनकोट आहे म्हटल्यावर बाकी काय बघायचं?

पहिल्या चढालाच पाऊस लागला. कोट घातला. तो पायघोळ, तिच्या घोट्यापर्यंत यायचा. सपाटीवर ठीक होतं, पण पाऊल वर टाकलं की पाऊल कोटावरच पडे. शिडीपाशी आली तर एका हातात शिडीचा दांडा आणि दुसऱ्या हातात कोटाचा घेर. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, लेकराचा कोट खोचा वर, पडन ना ते!" मी सॅकची नाडी काढून तिच्या कमरेला बांधली. टोपी सहावीच्या डोक्याची असल्यामुळे नाकावर यायची. समोरचं दिसेना म्हणून तिनं ती मागे टाकली. मग मानेतून पाणी आत. पाठीवर दप्तर नव्हतं, त्यामुळे ते कुबड वाऱ्यानं फुगायचं. आणि बाकी राहिलं ते घामानं केलं. अर्ध्या तासाच्या चढानं ती आतून अशी निथळली होती की कोट काढला असता तरी फरक पडला नसता. मळखाऊ निळ्याचा एक गुण तिथे आणखी कळला. धुकं उतरलं की पन्नास पावलांवरची पोर झाडाच्या बुंध्यासारखी दिसते. दोनदा मी भलत्याच बुंध्याला हाक मारली.

तरी चालत होतो तोवर निभावलं. चालणारं माणूस स्वतःची शेगडी स्वतः पेटती ठेवतं. गुहेच्या अलीकडे रांग लागली आणि ती शेगडी विझली.

रांग तासभर हलली नाही, पुढे थोडी हलून पुन्हा थांबली. दरीतून वारा येत होता. ती म्हणाली, "बाबा, थंडी वाजते." मी म्हटलं, आलंच आता. स्वेटर काढला तर तो पिळून निघावा असा. सॅकच्या शिवणीतून पाणी शिरून सगळ्यात तळाशी जमलं होतं आणि तळाशी मी स्वेटर ठेवला होता. तिचे दात वाजायला लागले. थोड्या वेळानं वाजायचे थांबले. कुरकुर थांबली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोरगी सोशिक निघाली म्हणून मनातल्या मनात कौतुक केलं. बिस्किटाचा पुडा दिला तर तो तिला फोडता येईना. काहीतरी बोलली ते मला नीट कळलं नाही. मग खडकाला टेकून खाली बसली आणि डोळे मिटले.

आमच्यापुढे वरुडकडची एक म्हातारी होती. कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावरून पाठीवर पन्नी, ती हनुवटीखाली सुतळीनं बांधलेली. तिनं वळून पाहिलं.

"थकली ती," मी म्हटलं. "झोप येऊन राहिली तिला."

"झोपून नाही राहिली, बापू. गारठून राहिली हे. ओठ पाहा तिचे."

मी पाहिले. त्या क्षणाबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पुढचं सगळं त्या बाईनं केलं. पावलापावलावर नागपूरकडच्या सेवा मंडळांचे भंडारे असतात, तसा एक थोडा मागे होता. ताडपत्रीखाली चुलाण पेटलेलं, पुऱ्या तळणं चाललेलं. मी पोरीला उचलून तिथे नेलं आणि थेट चुलाणापाशी घेऊन चाललो. म्हातारीनं दंडाला धरून मागे ओढलं. "आगीपाशी नको नेऊ, आंगापाशी घे." दोन बायांनी चादर धरली. तिनं पोरीचे सगळे कपडे काढले, ती जीन तर पायाला अशी चिकटली होती की कातडं सोलावं तशी सोलावी लागली. मग म्हातारीनं आपलं गाठोडं सोडलं. पन्नीत पन्नी, तिच्या आत आणखी एक पन्नी, आणि आत खडखडीत कोरडं लुगडं व गोधडीचा तुकडा. टिपून घेतलं, चोळलं नाही. लुगड्यात गुंडाळलं, डोकं झाकलं, आणि स्वतःच्या पोटाशी घेऊन वरून गोधडी ओढून बसली. तोंडाशी धरून चहा पाजायची मला घाई. "नाही. आधी बोलू दे तिला, मंग पाज." बऱ्याच वेळानं पोरगी पुन्हा थडथड कापायला लागली तेव्हा माझं अवसान गेलं. म्हातारी मात्र हसली. "आता भेव नाही. आता कापून राहिली ना!"

आणखी थोड्या वेळानं लुगड्यातून आवाज आला, "बाबा, पुरी आहे का?"

दर्शन झालं नाही. म्हातारीचं झालं की नाही, माहीत नाही; तिची रांग आमच्यापायी मोडली होती.

परत आल्यावर नात्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांना हे सांगितलं. त्यांनी आधी मला जे सुनवायचं ते सुनवलं, मग समजावलं. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. हा शब्द आपण बर्फाशी जोडून ठेवलाय, पण त्याला बर्फ लागत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पचमढी हजारावर, आणि शेजारचा धूपगड तर सुमारे १३५० मीटर, सातपुड्यात सगळ्यात उंच. नुसत्या उंचीनंच हवा पाच-सहा अंशांनी उतरते. त्यात पाऊस, वारा आणि अंगाला चिकटलेला ओला कपडा. स्थिर हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसएक पट वेगानं ओढून नेतं. मुलांचं आणखी कठीण. वजनाच्या मानानं त्यांच्या अंगाचं कातडं जास्त, म्हणजे ऊब निसटायला जागा जास्त. जिथे मोठ्या माणसाला नुसतं हुडहुडतं, तिथे लेकराला बाधतं. कापणं ही शरीराची धडपड असते. कपडे ओलेच असताना ते कापणं थांबलं, जीभ जड झाली, हातातली वस्तू सुटू लागली, झोप आली, की समजायचं धडपड हरत चालली आहे. म्हातारीनं जे केलं ते एक पाऊलही चुकलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. ओलं काढणं, कोरड्यात गुंडाळणं, डोकं झाकणं, अंगाशी धरणं, आणि पूर्ण शुद्धीत आल्यावरच गोड गरम पिणं. चोळू नये, शेकू नये. एवढं करूनही लेकरू चटकन शुद्धीवर येत नसेल, तर वेळ न घालवता खाली दवाखान्यात न्यावं.

"आणि रेनकोट?" मी विचारलं.

"रेनकोट वाऱ्यासाठी," ते म्हणाले. "डोंगरात दिवसभर पाऊस असला तर लेकरू भिजणारच. ते गारठू नये, एवढंच तुमच्या हातात."

हे वाक्य मला पटायला वेळ लागला, कारण कोरडं ठेवतो म्हणून तर आपण रेनकोट घेतो. पण त्या कापडाचा इतिहास पाहिला की डॉक्टरांचं म्हणणं उलगडतं. चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. बाहेरचं पाणी आत येईना, पण आतली वाफही बाहेर जाईना. शिवाय थंडीत ते ताठ होई आणि उन्हाळ्यात चिकट. रबराचं पुढे सुधारलं, त्याची जागा प्लॅस्टिकनं घेतली, पण वाफेचं कोडं तसंच राहिलं. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यानं टेफ्लॉन झटक्यात ताणून पाहिलं आणि त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं पडली की पाण्याचा थेंब शिरू नये पण वाफ निघून जावी. त्यातून गोअरटेक्स आलं. आता तसल्या जातीचे मुलांचे कोट आपल्याकडेही मिळतात, पाच-सहा हजार सहज मागतात. घ्यायचे तर घ्या, पण एक लक्षात असू द्या. वाफ बाहेर पडते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि गार असेल तर. आपल्या जुलैत, जिथे भिंतीलाही घाम येतो, तिथे ते महागडं कापड बरंचसं हात टेकतं. आपल्या हवेला कापडापेक्षा झरोके जास्त कामाचे. काखेत उघडणारी चेन, पाठीवर झाकणाखाली जाळी, समोरून खुलं करता येणारं टिचबटण.

आणि इथेच मला आजीची खोळ आठवली. कोकणातलं इरलं घ्या, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, किंवा आपली पोत्याची खोळ घ्या. दोन्ही वरून बंद, खालून मोकळी. वाकून काम करणाऱ्या माणसाला वारा लागला पाहिजे हे ती करणाऱ्याला ठाऊक होतं. धनगराच्या घोंगडीचंही तेच. ती भिजली तरी ऊब सोडत नाही, कारण लोकर आहे. सुती कापड भिजलं की उलटं ऊब खातं, आणि जीन हा सुती कापडाचा सगळ्यात जाड आणि सगळ्यात हट्टी अवतार. आज डोंगरात जाणारी मंडळी जो पोंचो वापरतात तो म्हणजे खोळच, फक्त डोकं घालायला भोक पाडलेली. सॅकही झाकते, वाराही खेळतो. जोराच्या वाऱ्यात मात्र तो पतंग होतो, तेव्हा कमरेला पट्टा हवा. शिडी, कडा असली वाट असेल तर लेकराला पोंचो नकोच. कमरेखालपर्यंत येणारं जॅकेट आणि वेगळी पँट, हेच बरं.

नागद्वारनंतर आमच्या घरात रेनकोट घ्यायची पद्धत बदलली. दुकानात पोराला तो घालून हात वर करायला लावायचे. पोट उघडं पडलं तर लहान. मग उकिडवं बसायला लावायचं, एक पाय स्टुलावर ठेवायला लावायचा. घेर पायाखाली आला तर मोठा. मान डावीकडे-उजवीकडे वळवायची. टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, टोपीच्या आत डोकं फिरून उपयोग नाही. एक स्वेटर आत मावेल इतकाच सैल. दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावं. टोपीला आवळायला लांब दोरी असेल तर ती काढून इलॅस्टिक घालून घ्यायचं. अशा दोऱ्या अडकून मुलांना फास बसल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९६ सालीच मुलांच्या कपड्यांत गळ्याशी दोरी नको अशी मार्गदर्शक सूचना निघाली, आणि आपल्या जंगलात तर काटेरी बोरी-बाभळी फासाला टपूनच असतात. कोट आतून उलटा करून शिवणी बघायच्या. त्यांवर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी कापडातून नाही, सुईच्या भोकांतून येतं. आणि रंग भडक. केशरी, पिवळा, लाल. मळू द्या.

घरी आणल्यावर न्हाणीघरात शॉवरखाली पाच मिनिटं उभं करायचं. पोरांना याहून आनंदाचं काम नाही, आणि गळती डोंगराऐवजी घरात कळते.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या म्हातारीचं गाठोडं. पन्नीत पन्नी. आता आम्ही कुठेही निघालो की प्रत्येक पोराच्या सॅकमध्ये आधी एक जाड मोठी पिशवी आतून पसरतो, तिच्यात सामान, आणि त्या सामानात पुन्हा वेगळ्या पिशवीत एक जोड कपडे, टोपडं, मोजे. हे झोपायचे कपडे. दिवसा काहीही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा ओलेच चढवायचे. पोरं किंकाळ्या मारतात, पण चालायला लागली की दहा मिनिटांत विसरतात. रात्री मात्र अंगाला कोरडं लागलं पाहिजे. तंबूत राहणार असाल तर खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर जराही डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी पन्हळीसारखं आत आणते आणि मध्यरात्री सगळे डबक्यात. बुटांत रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत, सकाळपर्यंत बरंच पाणी ओढलेलं असतं. ही पुरवणी त्या कामी आली तर आम्हाला राग नाही.

ओले कपडे झुडपांवर, गवतावर वाळत घालायची मात्र आपली सवय सोडायला हवी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफसनं माणसं दगावली, ते अनेकांना आठवत असेल. गवतात, झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्सच्या पिल्लांच्या चाव्यातून तो येतो. म्हणून पावसाळी रानात मुलांना हाफपँट नको. हलकी, चटकन वाळणारी ट्रॅकपँट आणि तिच्यावर ओढलेले मोजे. परतल्यावर आंघोळ घालताना काखा, जांघा, कानामागे बघायचं. आठ-दहा दिवसांत ताप आला आणि कुठे भाजल्यासारखा काळा डाग दिसला, तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगायचं. वेळेवर कळलं तर साध्या प्रतिजैविकानं बरा होणारा आजार आहे.

विजेला कोणताही कोट चालत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असावं, आणि गडगडाट ऐकू आला की टेकडीचा माथा आणि एकटं झाड सोडून खाली यावं. पोरं रडतील, शिखर राहिलं म्हणून. राहू द्या.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग न्यावंच कशाला पोरांना? सर्दी होईल, आजारी पडतील. पावसानं सर्दी होत नाही, ती विषाणूनं होते, हे आता शाळेच्या पुस्तकातही असतं. आणि पाऊस न पाहता वाढलेलं मूल मला तरी बघवत नाही. रामटेकच्या पायऱ्यांवरून पाण्याचे पाट वाहताना, चिखलदऱ्याला ढग खिडकीतून आत येताना, लेकरू तिथे असलं पाहिजे. आमची लेक तर नागद्वारनंतर दुसऱ्याच वर्षी पुन्हा जाऊ म्हणाली. तिची आई 'नाही' म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं काही न बोलता कपाटातून तीन जाड पन्न्या काढून दिल्या. आम्ही गेलो. दर्शन झालं. म्हातारी कुठे दिसते का म्हणून रांगभर पाहत होतो.

तो निळा रेनकोट पुढे खरोखरच दोन वर्षं कुणी पाहिला नाही. नंतर स्कूटरवर घालायच्या कामी आला.

लेक आता नोकरीला लागली आहे. परवा रविवारी माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला शिबिरासाठी कोट घ्यायला आम्ही तिघं बर्डीवर गेलो. पोरगा चौथीतला. दुकानदारानं विचारलं, कितवीत आहे, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं सहावीचा काढलासुद्धा. लेकीनं तो हातात घेतला, आतून उलटा केला, शिवणीवर नख फिरवलं आणि परत दिला. मग चौथीचा मागितला, केशरी. भावाला म्हणाली, "हात वर कर. आता त्या स्टुलावर चढ."

"ताई, पुढच्या वर्षी लहान होईन ना हा," दुकानदार म्हणाला.

"होऊ द्या," ती म्हणाली, आणि त्याच्या टोपीची दोरी ओढून काढायला लागली.